खाडीतला धातू, डोंगरातले ताट

खाडीच्या पाण्यातले जड धातू आणि त्या पाण्यात वाढणारी खाण्याची शिंपली, कालवे, चिंबोऱ्या, कोळंबी हा विषय निघाला की पालघर जिल्ह्यातल्या माणसाची नजर किनाऱ्याकडे वळते. तारापूरची औद्योगिक वसाहत, नवापूरजवळ समुद्रात सांडपाणी सोडणारी वाहिनी, मुरबे-सातपाटीची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी ही नावे लगेच ओठांवर येतात. ते रास्तच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा तारापूरचा आकडा ९३.६९ आला आणि तो देशात सर्वांत वरचा होता. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने त्याआधीच, २०१६ साली, राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तिथल्या कारखान्यांवर आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. या सगळ्या चर्चेत जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके कुठेच नसतात. ते सह्याद्रीच्या अंगाला, समुद्रापासून दूर; तिथे खाडी नाही आणि कारखान्यांची मोठी वसाहतही नाही. तरीही खाडीतल्या धातूंचा अभ्यास या दोन तालुक्यांपासून सुरू व्हावा आणि त्यांच्यापाशीच पुरा व्हावा, असे माझे म्हणणे आहे. सुरुवात तिथून अशासाठी की खाडीच्या तळाशी बसणारा निर्मळ गाळ त्या डोंगरांतून येतो, आणि दूषित गाळ ओळखायचा तर त्याच्याशीच ताडून पाहावा लागतो. शेवट तिथे अशासाठी की किनाऱ्यावर सुकवलेली मासळी त्या डोंगरांतल्या आठवडी बाजारांत विकली जाते, आणि तिथले कुपोषित, रक्त कमी असलेले शरीर अशा धातूंपुढे सर्वांत दुबळे असते.

आधी धातूंचा स्वभाव. तांबे, जस्त, लोह हे शरीराला थोड्या प्रमाणात लागतात. पारा, शिसे आणि कॅडमियम यांचे शरीरात काहीही काम नाही. घरगुती सांडपाण्यातली घाण कुजते, जिवाणू ती खातात, काही दिवसांत पाणी सावरते. धातू कुजत नाही. तो फक्त जागा बदलतो, आणि खाडी ही त्याची आवडती जागा. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत असतात. खाऱ्या पाण्याची गाठ पडली की तो दुरावा संपतो, कण एकमेकांना चिकटतात, लोहाच्या साक्यासह त्यांचे पुंजके होतात आणि वाटेत भेटलेला धातू अंगावर घेऊन ते तळाशी बसतात. खाजणातल्या काळ्या, उग्र वासाच्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथे गंधकाशी जखडून धातू वर्षानुवर्षे पडून राहतो. कॅडमियमची चाल मात्र निराळी. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड त्याला मातीच्या कणावरून ओढून पुन्हा पाण्यात आणते, म्हणून खाडीच्या मधल्या, मचूळ पट्ट्यात विरघळलेले कॅडमियम वाढलेले आढळते. कालवे आणि खुबे नेमके याच पट्ट्यात असतात.

शिंपलीवर्गातला प्राणी जागचा हलत नाही आणि पाणी गाळून त्यातल्या कणांवर जगतो. एक चांगले वाढलेले कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. त्यामुळे आज दुपारी बाटलीत भरलेल्या पाण्यात जे सापडणार नाही, ते त्याच्या मांसात साठून राहिलेले असते. रात्री कुणी टाकी मोकळी केली आणि सकाळच्या ओहोटीबरोबर ते पाणी निघून गेले, तर पाण्याचा नमुना निर्दोष ठरतो. शिंपलीत मात्र नोंद उरते. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली शिंपल्यांनाच किनाऱ्याचे पहारेकरी करावे असे सुचवले, आणि अमेरिकेत १९८६ पासून त्या पद्धतीने किनाऱ्याची तपासणी सुरू झाली, ती याच कारणाने. आपल्याकडेही चिखलाची ही स्मृती वाचली गेली आहे. उल्हास नदीकाठी पाऱ्याचा वापर करून कॉस्टिक सोडा तयार करणारे कारखाने होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळाचे थर तपासले, तेव्हा पारा किती वाढला आणि निर्बंधांनंतर कसा उतरला याची हकिगत त्या थरांत मिळाली. तीच खाडी पुढे वसईची खाडी म्हणून या जिल्ह्याची दक्षिण सीमा होते.

आता डोंगराकडे येऊ, कारण खरा घोळ इथे आहे. खाडीच्या गाळात तांबे किंवा क्रोमियम सापडले की एक बाजू म्हणते कारखान्यांनी ओतले, दुसरी म्हणते आपला खडकच तसा आहे. दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे सत्य आहे आणि नुसत्या आकड्याने निवाडा होत नाही. जगभरातले अभ्यासक गाळातला धातू ताडून पाहताना बहुधा शेल या खडकाची जागतिक सरासरी वापरतात. १९६१ साली टुरेकियन आणि वेडेपोल यांनी दिलेली ही सरासरी तांब्यासाठी किलोला ४५ मिलिग्रॅम आणि शिशासाठी २० मिलिग्रॅम अशी आहे. दख्खनचा काळा पाषाण या सरासरीत बसत नाही. त्यात तांबे सहसा १०० मिलिग्रॅमच्या वर असते आणि शिसे मात्र बहुतेक ठिकाणी एक आकडी. परिणाम काय होतो? शेलशी तुलना केली तर मोखाड्याच्या ओढ्यातली निर्दोष मातीसुद्धा तांब्याने दूषित ठरते. उलट खाडीतल्या गाळात शिसे खडकातल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट झालेले असले तरी ते सरासरीच्या आतच दिसते आणि सुटून जाते. चुकीच्या मापाने निरपराध धातू पकडला जातो आणि खरा अपराधी मोकळा राहतो. खडकाचा युक्तिवाद करणाऱ्यांना म्हणून माझे उत्तर असे की तुमचे म्हणणे मान्य, पण मग तो खडक मोजा. पारा, शिसे आणि कॅडमियम यांचा काळ्या पाषाणात जवळजवळ दुष्काळ आहे; ते खाडीत वाढले असतील तर खडकाच्या माथी मारता येणार नाहीत.

हे माप जव्हार-मोखाड्यातच मिळेल, आणि तिथल्या भूगोलाने आणखी एक सोय करून ठेवली आहे. त्र्यंबकच्या परिसरात उगम पावलेली वैतरणा मोखाड्याच्या बाजूने उतरते, जव्हारची पिंजाळ पुढे तिला मिळते, जव्हारच्या डोंगरांतून निघालेली सूर्याही खाली तिच्यात येते, आणि हे सगळे पाणी अर्नाळा आणि दातिवरे यांच्या मधून समुद्राला मिळते. याच दोन तालुक्यांतली वाघ नदी मात्र उत्तरेकडे वळते, दमणगंगेत जाते आणि वापीच्या कारखान्यांजवळून दमणच्या खाडीत पोचते. वापीचा प्रदूषण निर्देशांक २००९ साली ८८.०९ होता, अंकलेश्वरखालोखाल देशात दुसरा. म्हणजे एकाच पाषाणाची, एकाच पावसाने धुतलेली माती दोन खाड्यांत जाते आणि वाटेत त्या दोघींवर उद्योगाचा भार अगदी वेगळा पडतो. वैतरणेची वाटही कोरी नाही. सवलतींमुळे वाडा तालुक्यात उभे राहिलेले पोलादाचे आणि जुने टायर तापवून तेल काढणारे कारखाने तिच्याच खोऱ्यात आहेत, आणि टायरमध्ये जस्त भरपूर असते. पण वरच्या अंगाला ओढ्यातला गाळ, खाली दोन्ही खाड्यांतला गाळ, असे नमुने घेतले तर खडकाचे किती आणि माणसाचे किती याचा हिशेब कागदावर मांडता येईल. निसर्गाने इतकी नीट मांडून दिलेली तुलना दुसरीकडे सहज सापडत नाही.

डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये धरणे उभी आहेत, आणि त्यांचा या प्रश्नाशी असलेला संबंध पुरेसा बोलला जात नाही. वैतरणेवर मोडकसागर १९५७ पासून आहे, ऊर्ध्व वैतरणा १९७३ पासून, आणि मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळचे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले. या एका धरणातून मुंबईला दिवसाला साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी जाते. सूर्येचे पाणी वसई-विरार आणि मिरा-भाईंदरकडे वळवले आहे. मोखाड्यातल्या पाड्यांवर मार्चपासून टँकरची वाट पाहिली जाते, हा अन्याय सर्वांना ठाऊक आहे. त्याच पाण्याची उणीव खाली खाडीलाही भासते, ती कुणाच्या नजरेत येत नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नदीतून येणारा गोड्या पाण्याचा लोट आटतो. मग भरती-ओहोटी तेच पाणी पुढे-मागे हलवत राहते आणि वाटेत मिसळलेले काहीही समुद्रात लवकर निघून जात नाही. मचूळ पाण्याचा पट्टा आत सरकतो. यावर असे म्हटले जाते की धरणात गाळ अडतो, म्हणजे त्याबरोबर धातूही अडत असणार, तेवढा फायदाच. पण धरणांच्या वर कारखाने नाहीत. तिथे अडतो तो डोंगराचा निर्मळ गाळ. तो दरवर्षी खाडीत येऊन दूषित थरांवर पांघरूण घालत असे आणि खालच्या खोऱ्यातून येणाऱ्या दूषित कणांत मिसळून त्यांची तीव्रता उतरवत असे. आता कारखान्यांकडचा गाळ येतच राहतो, डोंगराचा कमी होतो. त्यात वैतरणेच्या खाडीत वाढीव गाव आणि रेल्वेपुलाच्या परिसरात सक्शन पंप लावून रेतीचा बेकायदा उपसा होत आला आहे. पुलाच्या खांबांना धोका म्हणून त्याची बातमी होते. गंधकाशी जखडलेला धातू हवेशीर पाण्यात उसळला की सुटा होतो आणि जवळच्या कालवांच्या तोंडी जातो, ही त्याची दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे.

मग डोंगरातल्या माणसापर्यंत हे पोचते कसे? ताजी कालवे जव्हारच्या पाड्यावर जात नाहीत. जातो तो जवळा, सुकट, बोंबील, मांदेली. पावसाआधी आगोटीची बेगमी करताना वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर घरांत नाचणीच्या भाकरीबरोबर खायला जे काही मांसाहारी साठवता येते त्यात सुकी मासळी पहिली, कारण ती स्वस्त, हलकी आणि टिकाऊ. जवळा म्हणजे इवल्या झिंग्यांचा थवा. तो किनाऱ्याजवळच्या उथळ, गढूळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी डोलजाळ्यांत मिळतो. मोठी कोळंबी साफ करताना आपण डोके मोडून टाकतो, आणि कॅडमियमचा मोठा साठा असतो तो त्या डोक्यातल्या पाचक ग्रंथीत. जवळा साफ करता येत नाही; तो डोक्या-आतड्यांसकट अख्खा खाल्ला जातो. शिवाय तो सुकवलेला. ताज्या झिंग्यात पाऊणपट पाणी असते. ते उडून गेले की एका किलोत मावणारा धातू जवळपास चौपट होतो, कारण धातू उन्हाने उडत नाही आणि तव्यावर भाजूनही जळत नाही. युरोपीय संघाने कवचधारी प्राण्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला अर्धा मिलिग्रॅम ठेवली आहे, पण ती शेपटीच्या आणि पायांच्या मांसाला लागू आहे आणि ताज्या वजनावर आहे. डोके न काढता, सुकवून, मूठमूठ खाणारा माणूस हा नियम करताना डोळ्यांसमोर नव्हता. याशिवाय दिवाळीनंतर इथली कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला उतरतात. वर्षातले कित्येक महिने त्यांचे बिऱ्हाड खाडीपट्ट्यात असते, आणि ओहोटीला चिखलात जे मिळते त्याला पैसे पडत नाहीत.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: डोंगरातला माणूस सुकट खाऊन खाऊन किती खाणार? चटणीपुरती. तेवढ्याने काय होते? आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याचा हिशेबच मांडू. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली कॅडमियमची सहनमर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. पंधरा किलोच्या मुलासाठी ती महिन्याला ३७५ मायक्रोग्रॅम होते. उदाहरणापुरते धरू की ताज्या जवळ्यात किलोला पाव मिलिग्रॅम कॅडमियम आहे. हा आकडा युरोपीय मर्यादेच्या निम्मा आहे. सुकल्यावर तो किलोला एक मिलिग्रॅमच्या घरात जातो. मुलाने रोज दहा ग्रॅम जवळा खाल्ला तर महिन्याला ३०० मायक्रोग्रॅम पोटात जातात, म्हणजे मर्यादेचा पाचात चार भाग एकट्या चटणीतून; भात, डाळ, भाजी यांतले वेगळेच. ताजी असताना निर्धास्तपणे पास झालेली मासळी ताटात पोचेपर्यंत अशी काठावर येते. शिशाच्या बाबतीत तर त्याच समितीने त्याच वर्षी जुनी सहनमर्यादा मागेच घेतली, कारण मुलांच्या मेंदूसाठी निर्धोक म्हणावी अशी पातळीच दाखवता येत नव्हती.

आणि हा हिशेबही धडधाकट शरीराचा. आतड्यात लोह शोषून घेणारी जी वाट आहे तिच्यातूनच कॅडमियम आणि शिसेही आत शिरतात. शरीरात लोह कमी पडले की ती वाट रुंदावते, आणि लोहाच्या आशेने उघडलेल्या दारातून हे दोघे अधिक प्रमाणात घुसतात. कॅल्शियमची उणीव असली तर शिशाला आणखी मोकळीक. मोठ्या माणसाचे शरीर पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग शोषते. लहान मूल निम्म्यापर्यंत शोषते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांत आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ही राज्याची सरासरी आहे. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे १९९२-९३ मधले बालमृत्यू आणि २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा आलेल्या कुपोषणाच्या बातम्या आठवल्या, तर या सरासरीत इथल्या मुलांची जागा कुठे असेल हे सांगण्याची गरज नाही. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी हाडे ठिसूळ करणारा, वेदनांनी किंकाळ्या फोडायला लावणारा जो रोग पसरला आणि ज्याला सरकारने १९६८ साली कॅडमियमचा रोग म्हणून मान्यता दिली, त्याचे बळी प्रामुख्याने उतारवयातल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया होत्या. तोच भात, तेच पाणी घरातल्या पुरुषांच्याही वाट्याला होते. विष सर्वांना सारखे वाढले गेले, पण झिजलेल्या शरीरांनी ते जास्त घेतले. मर्यादा ठरवताना शिंपलीतल्या मिलिग्रॅमइतकेच खाणाऱ्याच्या हिमोग्लोबिनकडे पाहिले पाहिजे, हा धडा तिथे पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीच मिळाला आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो या लोकांवर माया असलेल्यांकडूनच येतो. ज्यांच्या ताटात आधीच काही नाही त्यांना तुम्ही सुकटही खाऊ नका म्हणून सांगणार का? किनाऱ्यावरच्या कोळी, मांगेला, वैती कुटुंबांचा धंदा बसवणार का? याचे उत्तर स्वच्छ नकार आहे. सुकट हे प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ मिळवण्याचे डोंगरातले सर्वांत स्वस्त साधन आहे. ते ताटातून गेले तर त्याची जागा नुसता भात घेईल, रक्त आणखी कमी होईल आणि भातातलेच कॅडमियम आतड्याला अधिक गोड लागेल. घबराट पसरवणे हा या प्रश्नाचा सर्वांत वाईट उपयोग ठरेल. पण गरिबाला पर्याय नाही म्हणून तपासणीच करायची नाही, हा त्याहून मोठा अपराध आहे, कारण ज्याला पर्याय नाही त्याच्याच अन्नाची हमी आधी द्यायला हवी. निर्यातीची कोळंबी परदेशी प्रयोगशाळेच्या धाकाने खेपेगणिक तपासली जाते. मोखाड्याच्या बाजारातल्या जवळ्याला तसा कुणाचाच धाक नाही. कोणत्या खाडीतला, कोणत्या हंगामातला जवळा निर्धोक आहे हे कळले तर विकणाऱ्या बाईलाही त्याचा भाव मागता येईल. जिथला निर्धोक नाही तिथे जबाबदारी सांडपाणी सोडणाऱ्याची, खाणाऱ्याची नव्हे. आणि अंगणवाडीतून लोहाच्या गोळ्या, पुरेसे अन्न मिळत राहणे हाही या धातूंवरचा इलाजच आहे, कारण भरलेल्या शरीरात ती वाट अरुंद होते. आदिवासी विकास, अन्न सुरक्षा, प्रदूषण नियंत्रण ही तीन खाती आपापल्या फायली वेगळ्या ठेवतात. हा विषय तिन्हींच्या मधल्या फटीत पडला आहे.

काम अवाढव्य नाही. खाडीत भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यातली कालवे आणि खुबे, तळाचा गाळ, जव्हार-मोखाड्याच्या आठवडी बाजारांतली सुकी मासळी पावसाआधी आणि पावसानंतर, आणि वरच्या ओढ्यांतली माती, एवढे नमुने नियमाने घ्यायला हवेत. ते मोजण्याची यंत्रे मुंबईतल्या संस्थांकडे आहेत. एका गोष्टीला मात्र वेळेचे बंधन आहे. जव्हार तालुक्यात पिंजाळ नदीवर मुंबईसाठी धरण प्रस्तावित आहे, आणि दमणगंगेच्या खोऱ्यातले पाणी भुगड आणि खारगीहिल येथे अडवून बोगद्याने पिंजाळकडे आणण्याची योजना आहे. खारगीहिलचे धरण वाघ नदीवरचे. ही कामे झाली की डोंगरातून दोन्ही खाड्यांकडे मोकळा वाहणारा उरलासुरला गाळही भिंतीआड जाईल, दोन खोऱ्यांचे पाणी एकमेकांत मिसळेल, आणि आज शक्य असलेली ती तुलना पुन्हा करता येणार नाही. म्हणून पिंजाळ, वाघ आणि वरच्या वैतरणेच्या पात्रांतल्या गाळाचे नमुने धरणाचा पाया खोदण्याआधी घेतले गेले पाहिजेत, आणि त्यांची मोजमापे पर्यावरण मंजुरीच्या कागदांत खाडीच्या मोजमापांशेजारी छापली गेली पाहिजेत.